रहिवासाचा प्रकार

मीना अब्दुल्ला, कुवेत
१७ जानेवारी २००३

चि. समिधा,

आशीर्वाद आहेतच, पण आधी एक कबूल करतो. पाकिटावर तुझं अक्षर दिसलं आणि मी ते लगेच फोडलं नाही. जेवलो, ताट धुतलं, दुसऱ्या दिवशीचे कपडे काढून ठेवले आणि मग फोडलं. साडेपाच वर्षांनी मुलीचं पत्र आलंय म्हटल्यावर माणसाला थोडी तयारी लागते.

आत पत्र नव्हतंच. छापील कागद होता. ‘कासरवणे गाव : राहण्यास कितपत योग्य? हवामान, करमणूक, सुरक्षितता. प्रत्येकी दहापैकी गुण द्या.’ आणि टाचणी लावलेली चिठ्ठी : ‘कॉलेजचा प्रकल्प आहे. कुटुंबप्रमुखाने स्वतः भरायचा नियम आहे. आई म्हणते, बापाशीक धाड. महिनाअखेरपर्यंत हवं. समिधा.’ वर ‘बाबा’ नाही, खाली ‘तुमची’ नाही. असो. तुझ्या भूगोलाच्या सरांना माझा नमस्कार सांग. त्यांनी हा नियम केला नसता, तर तू अजून साडेपाच वर्षं गप्प बसली असतीस. हट्ट तुझ्या आईच्या माहेरचा आहे, आमच्या परबांत कुणी एवढा टिकवलेला नाही.

कागद भरून पाठवतो आहे. सिराजच्या ओळखीचा माणूस उद्याच्या विमानाने निघतोय, त्याच्या हाती देतो. सिराज म्हणजे रिग्गईत शिलाईचं दुकान चालवणारा माझा रत्नागिरीकडचा दोस्त. तू लहान असताना एकदा घरी येऊन गेलाय, त्याने तुला खजूर दिले होते आणि तू बिया मोजत बसली होतीस.

हवामानाला मी नऊ गुण दिले. एक कापला, कारण दहा दिले तर सरांना वाटेल बापाने डोळे मिटून भरलाय. इथे उन्हाळ्यात आम्ही पहाडावर, म्हणजे परांचीवर, म्हणजे लोखंडी पाइपांच्या मचाणांवर चढतो तेव्हा हातमोज्यातून चटका बसतो. धूळ उठली की समोरचा माणूस दिसत नाही. कासरवण्यात आंब्याच्या बागेत वारा सुटला की काय वाटतं, ते इथे बसूनच कळतं.

करमणुकीला आठ. शाळेमागचं मैदान, मे महिन्यातल्या क्रिकेटच्या मॅची, देवळातला दशावतार, तिठ्यावरच्या हॉटेलातली उसळ आणि फुकटच्या गप्पा. आणखी काय लागतं माणसाला?

सुरक्षिततेला दहापैकी दहा. आता तर आपल्या घराला ग्रिलही आहे.

बाकीचे रकाने नीट भरलेत. काही चुकलं असेल तर कळव. म्हणजे चुकलेलं असूच दे, असं वाटतंय.

तुझा बाबा


मीना अब्दुल्ला
२१ फेब्रुवारी २००३

चि. समिधा,

कागद परत आला. लाल पेनाने. तू मास्तरीण होणार, हे मी तुझ्या आईला आजच लिहून देतो.

पहिली गोष्ट. ‘रहिवासाचा प्रकार’ या रकान्यात मी ‘अठरा’ लिहिलं होतं. त्याला गोल करून तू विचारलंयस, ‘अठरा काय? वर्षं, की दिवस? की माझं वय?’ हे वाचून मी खोलीत एकटाच मोठ्याने हसलो. मग हसू थांबलं.

त्याचं असं आहे. इथे राहायचा परवाना असतो, त्याला इकामा म्हणतात. खाजगी कंपनीत नोकरी करणाऱ्याचा इकामा कलम अठराचा. बँकेत जा, दवाखान्यात जा, पोलिसाने रस्त्यात अडवू दे, सगळे हेच विचारतात : रहिवासाचा प्रकार? आणि आपण म्हणायचं, अठरा. अकरा वर्षं हेच उत्तर देतोय. तुझ्या कागदावर समोर स्वच्छ मराठीत ‘कायम / तात्पुरता’ छापलेलं होतं आणि माझ्या हाताने आपणहून अठरा लिहिलं. माझ्याच गावाच्या कागदावर. सिराजला सांगितलं तर तो म्हणाला, “लवू, नशीब तू अंगठा नाय लावलास आणि दोन फोटो नाय जोडलेस!”

दुसरी गोष्ट, हवामान. तू लिहिलंयस, ‘नऊ गुण कुठल्या ऋतूवरून? जून ते सप्टेंबर तुम्ही ब्याण्णवनंतर पाहिलेले नाहीत.’ खरं आहे. मला सुट्टी मिळते ती डिसेंबरात नाहीतर एप्रिल-मेमध्ये. तेव्हा कासरवणे नवी साडी नेसूनच बसलेलं असतं. गेल्या वर्षी वादळाने पडवीची कौलं उडाली, बारा दिवस लाइट नव्हते आणि तू व आईने ताडपत्री ओढून बांधली, हे मला तुझ्या लाल शाईतून कळलं. फोनवर आई म्हणाली होती, ‘पाऊस बरो आसा.’ मी म्हटलं, बरं.

तिसरी गोष्ट. शाळेमागच्या मैदानावर एस.टी.चा नवा स्टँड झाला, हेही मला ठाऊक नव्हतं. म्हणजे मी आठ गुण एस.टी. स्टँडला दिले. आणि तुझा पुढचा प्रश्न : ‘ही सगळी करमणूक पुरुषांची. मुलींसाठी गावात काय आहे ते लिहा.’

यावर मी दोन शुक्रवार विचार केला. खरंच सांगतो. शुक्रवारी आमची सुट्टी. मी बस धरून शहरात जातो, दस्मानच्या बाजूला समुद्राकाठी बसतो. हीच माझी करमणूक. लोकं पोराबाळांना घेऊन आलेली असतात, कोण पतंग उडवतं, कोण मका खातं. मी मका घेतो आणि बघत बसतो. तिथे बसून मी आठवत होतो की कासरवण्यात तू संध्याकाळी कुठे जातेस. विहीर, शाळा, घर. तुझी आई कुठे जाते? विहीर, बाजार, घर. पुढे काही आठवेना. नसलेलं कसं आठवणार? तेव्हा करमणुकीचे आठ खोडून तीन कर. ते तीनही माझे धर.

सुरक्षिततेच्या दहावर तू काहीच लिहिलेलं नाहीस. नुसती रेघ मारली आहेस आणि शेजारी लिहिलंयस, ‘खरं लिहा.’

ते पुढच्या वेळी लिहितो. इथे सगळीकडे लढाईच्या बातम्या आहेत. शेजारच्या देशावर अमेरिका चाल करणार म्हणतात, रस्त्यावर रणगाडे दिसतात. आईला सांगू नकोस. सांगितलंस तरी ती म्हणेल, बरो आसा.

बाबा


मीना अब्दुल्ला
२१ मार्च २००३

चि. समिधा,

काल सकाळी लढाई सुरू झाली. कालपासून कितीदा भोंगा झाला ते मोजायचं सोडून दिलं. भोंगा झाला की आम्ही कॅम्पातले सगळे मधल्या खोलीत जमतो. खिडक्यांना प्लॅस्टिक लावून चारी बाजूंनी तपकिरी चिकटपट्टी मारली आहे. दाराखालच्या फटीत ओला टॉवेल. गॅसपासून बचाव म्हणे. आत पंखाही लावायचा नाही. कुणी जप करतं, कुणी नमाज पढतं, एक तेलुगू माणूस आपल्या मुलाचा फोटो काढून पुनःपुन्हा पुसतो. मी तुझा कागद बरोबर घेऊन आलोय. सुरक्षितता, दहापैकी दहा, आणि वर तुझी रेघ.

आता खरं लिहितो. पुन्हा असा धीर होईल न होईल.

सत्त्याण्णवच्या मे महिन्यात, भर दुपारी, अख्खी वाडी लग्नाला गेली होती. तुला ताप होता म्हणून तू आणि आई घरी. तीन माणसं आली आणि दाराबाहेरून म्हणाली, ‘कुवेतहून लवू परबांनी पार्सल पाठवलंय.’ तू तापातून उठलीस आणि दार उघडलंस. बारा वर्षांची होतीस. त्यांनी आईच्या गळ्यातलं ओढलं, तिने धरून ठेवलं तर हात पिरगळून मोडला. तू मागच्या दाराने अनवाणी लग्नमांडवापर्यंत धावलीस. हे मला तुझ्या मामाने फोनवर सांगितलं. तू दार का उघडलंस तेही त्यानेच सांगितलं. माझ्या नावाला उघडलंस.

इथवर तुला ठाऊक आहे. पुढचं नाही.

मी तुम्हांला सांगितलं होतं की कंपनीने सुट्टी दिली नाही. समिधा, सुट्टी दिली होती. साहेबाने अर्ज वाचला आणि उभ्या उभ्या सही केली. पासपोर्ट ऑफिसात ठेवलेला असतो, तोही मला काढून दिला. तो खिशात घालून मी खोलीवर आलो, बॅग भरली. त्याच संध्याकाळी मोठ्या साहेबाने बोलावलं. आमचा फोरमन आजारी पडून परत गेला होता, दुरुस्तीचं काम आठवड्यावर आलं होतं. तो म्हणाला, ‘लवू, तू जातोयस हे बरोबरच आहे. नाहीतर हे तुला देणार होतो.’ टेबलावर पांढरं हेल्मेट होतं. आम्हा कामगारांचं निळं असतं. पांढरं म्हणजे फोरमन. चाळीस माणसं हाताखाली.

पैशासाठी राहिलो असतो तर तुला सांगायला तरी जरा बरं वाटलं असतं. पगारात फार फरक नव्हताच. मला ते डोक्यावर घालायचं होतं. गावात मी दुसऱ्याच्या बागेत आंबे उतरवणाऱ्याचा मुलगा. मला कुणीतरी खालून वर बघून ‘फोरमन’ म्हणायला हवं होतं. मी पासपोर्ट परत दिला. तुम्हांला फोन केला, सुट्टी मिळत नाही. आणि ग्रिल करायला पाठवलं. लोखंडाच्या माणसाला लोखंडच सुचलं.

नंतर दर शुक्रवारी फोन केला की तू रिसीव्हर उचलायचीस, माझा आवाज ऐकायचीस आणि काही न बोलता आईकडे द्यायचीस. मी स्वतःशी म्हणायचो, पोर लहान आहे, रागावली आहे, विसरेल. तुला खरं कारण ठाऊक नसतानाही तुझा राग बरोबर होता.

आत्ता इथे दार बंद आहे, खिडक्या बंद आहेत आणि आम्ही तीस माणसं एकमेकांच्या श्वासात बसलोय. मला भीती वाटते आहे. आणि आज पहिल्यांदा कळतंय की तुम्ही दोघी त्या ग्रिलच्या आत सहा वर्षं कशा बसला असाल.

सुरक्षितता : शून्य. कासरवण्याला नाही, आपल्या घराला. गावाचा त्यात दोष नाही, गाव लग्नाला गेलं होतं. घराचा माणूस कुठे होता, ते वर लिहिलंय.

भोंगा थांबला. पत्र बंद करतो.

बाबा


मीना अब्दुल्ला
२५ एप्रिल २००३

चि. समिधा,

तुझं चार ओळींचं पत्र मिळालं. आता भोंगे होत नाहीत. प्लॅस्टिक काढलं, पण खिडकीच्या चौकटीवर चिकटपट्टीचा डाग राहिलाय, तो जात नाही.

पहिली ओळ : ‘रहिवासी म्हणजे वर्षातले किमान सहा महिने गावात राहणारा, असं सरांनी ठरवलं. तुमचं प्रपत्र बाद झालं.’ बरोबर आहे.

दुसरी : ‘ब्याण्णवपासूनची कॅलेंडरं आईने ठेवली आहेत. तुम्ही घरी असलेल्या दिवसांवर खूण आहे. एकूण दोनशे एकेचाळीस.’ मी समजत होतो त्याहून जास्तच निघाले. मी दोनशेला धरून होतो.

तिसरी : ‘कुटुंबप्रमुख म्हणून आईचं नाव लिहिलं.’ हेही बरोबर. आधीच लिहायला हवं होतं.

चौथी ओळ मी कितीदा वाचली ते विचारू नकोस. ‘सुट्टी मिळाली होती हे आईला त्याच वर्षी सिराजकाकांनी सांगितलं होतं. मला आत्ता कळलं.’

सिराजकडे गेलो. तो काजं शिवत बसला होता. विचारलं, तर मान वर न करता म्हणाला, “त्या वर्षी मी सुट्टीवर गेलो तेव्हा वहिनीनं मला सरळ विचारलंन. तिच्या गळ्यात पट्टी, त्यात मोडलेला हात. मी खोटं कसं बोलू, सांग.” मी म्हटलं, मला का नाही सांगितलंस? तर म्हणाला, “तू मला विचारलंस कधी?”

म्हणजे सहा वर्षं प्रभा फोनवर ‘बरो आसा’ म्हणत होती ते सगळं ठाऊक असून. मी पांढऱ्या हेल्मेटचा फोटो पाठवला होता. तिने तो भिंतीवर लावलेला मी डोळ्यांनी पाहिलाय. असं का केलं असेल तिने? तू तिथे आहेस, तुला तरी कळतं का?

आता एक इथला नियम ऐक. इकामावाला माणूस सहा महिन्यांवर कुवेतबाहेर राहिला की त्याचा इकामा आपोआप मरतो. पुन्हा यायचं तर सगळं नव्याने. तुझ्या सरांचे सहा महिने आणि यांचे सहा महिने. दोघांनी मिळून ठरवल्यासारखं. इतकी वर्षं मी दोन्हीकडे पाय ठेवून होतो असं मला वाटायचं. पण यांच्या नियमाने मी इथला, तेही अठरा कलमापुरता. आणि तुझ्या नियमाने कुठलाच नाही.

९ जूनला येतोय. परतीचं तिकीट कंपनीने दिलंय, दोन महिन्यांचं. ते मी वापरणार नाही. हेल्मेट परत केलं. साहेब म्हणाला, आठवण म्हणून ठेव. मी म्हटलं, नको, आठवण आहे.

आईला अजून सांगितलेलं नाही. मला अकरा वर्षांत तिला खरं सांगायची सवय राहिलेली नाही, समोर उभं राहून जमेल तसं सांगेन.

बाबा


कासरवणे
१० डिसेंबर २००३

चि. समिधा,

होस्टेलमध्ये डास कमी झाले का? डी.एड.चं वेळापत्रक भिंतीवर लाव, उशीखाली ठेवू नकोस. तू इथे असताना अडीच महिने आपण एका छपराखाली होतो आणि बोललो ते इतकंच : पाणी हवंय का, एस.टी. किती वाजता, छत्री घ्या. मी आलो आणि तुझा नंबर रत्नागिरीला लागला. तुला बसवून दिलं त्या दिवशी नव्या स्टँडवर बराच वेळ उभा होतो. तिथे आमची खेळपट्टी होती, ती कुठल्या बाकाखाली असेल ते शोधत होतो.

तुला वाटेल मी मजेत आहे. तसं नाही. पहिला महिनाभर वाडीतले लोक येत होते, कुवेतच्या गोष्टी विचारत होते. मग कळलं की हा परत जाणार नाही आणि यायचे थांबले. तिठ्यावर बसलो तर बोलायचं कुणाशी? माझ्या वयाचे अर्धे मुंबईला, अर्धे गेले. सकाळी पाचला जाग येते आणि कामाची बस येणार नसते. आई तिच्या कामात असते. तिने या घरात सगळ्याची जागा लावलेली आहे, त्यात माझी जागा मला अजून सापडायची आहे. सुरुवातीला मी पाहुण्याच्या खुर्चीतच बसायचो. माझी सुट्टी संपायची तारीख गेली, तरी ती नुसतं कॅलेंडरवर खूण करत राहिली. एकदा धीर करून विचारलं, ठाऊक होतं तर बोलली का नाहीस? म्हणाली, “तुमी सांगशात म्हणान वाट बघी होतंय.” आणि भाकरी उलटली.

गेल्या महिन्यात सिराजचा फोन आला. “लवू, पंधरा दिवस उरले. अजून विमान धरलंस तर इकामा वाचेल.” मी म्हटलं, मरू दे. काल, नऊ तारखेला, तो मेला. दिवसभर काहीच वाटलं नाही आणि संध्याकाळी उगाच डोळे भरून आले. अकरा वर्षांचं काहीतरी होतंच ना ते.

आता मुद्द्याचं. आज सकाळी दहाच्या सुमाराला आम्ही दोघं पडवीत कुळीथ निवडत बसलो होतो. ग्रिलबाहेर खाकी शर्टातला अनोळखी माणूस उभा राहिला आणि म्हणाला, “परबांचं घर ना? रत्नागिरीहून समिधाने पार्सल पाठवलंय.”

तुझ्या आईचा मोडलेला हात, तो अजून सरळ होत नाही, तो तिने दुसऱ्या हाताने धरला. मी म्हटलं, मागच्या दाराने जाऊन कुणाला बोलावतेस का? ती त्या माणसाकडे बघत होती. मग हळूच म्हणाली, “माझ्यान जमाचा नाय. तेव्हा तुमच्या नावान तिना उघडल्यान. आता तिच्या नावान तुमी उघडा.”

मी उठलो. ग्रिलची कडी मीच तिथून पैसे पाठवून करवली होती, पण ती कुठल्या बाजूला सरकते ते मला नीट ठाऊक नव्हतं. दोनदा अडकली. उघडली. तो एस.टी.चा कंडक्टर होता, बिचारा. तू त्याच्या हाती पाकीट दिलं होतंस. आईने त्याला चहा केला. तिने साखर दोनदा घातली, तो म्हणाला साखर जास्त झाली तरी चालेल.

समिधा, टपालाने पाठवता आलं असतं. तू मुद्दाम असं पाठवलंस का? नको सांगूस. 

आत तोच छापील कागद, कोरा. आणि चिठ्ठी : ‘बाबा, नऊ तारखेला तुमचे सहा महिने पूर्ण झाले. आता भरा. खरं. समिधा.’

म्हणजे तूही मोजत होतीस.

भरलाय. हवामानाला सहा : पावसाळ्यात कपड्यांना बुरशी येते, लाइट जातात, पण संध्याकाळी वारा आहे. करमणुकीला तीनच ठेवले आहेत. कुटुंबप्रमुख प्रभा लवू परब. माझं नाव ‘इतर सदस्य’ खाली दुसऱ्या ओळीत आहे, पहिल्या ओळीत तुझं. रहिवासाच्या प्रकारापुढे हात सवयीने ‘अ’ काढून बसला, तो खोडून ‘कायम’ लिहिलंय. खाडाखोड चालत नसेल तर सरांना कारण सांग.

सुरक्षिततेचा रकाना मी भरला नाही. तो माझा नाही. कुटुंबप्रमुखांना विचारलं. त्यांनी कुळीथ पाखडणं थांबवलं, दाराकडे बघितलं. कडी मी लावायला विसरलो होतो. दार तसंच उघडं होतं.

“सहा घाला,” तुझी आई म्हणाली. “रवलेले चार ती घराक इल्यार बघूया.”

तुझा बाबा